कांद्याचा भाव आणि पुढाऱ्याचा भाव



या सदरात एरवी आपण खताच्या मात्रा, मावा-फुलकिडे आणि बियाण्याची उगवण यांवर बोलतो. परंतु मध्यंतरी एका वाचकाचे पत्र आले. त्यांनी विचारले आहे, "साहेब, पुढारी पडतो तो भावामुळे पडतो की जातीपातीमुळे आणि पैशामुळे? आमच्या पारावर यावरून रोज भांडण होते. एकदा काय ते लिहून टाका."

आता मी पडलो सरकारी नोकर. मत कोणाला द्यावे हे मी सांगणार नाही आणि कोणी ते माझ्याकडून ऐकूही नये. पण कांदा हे माझे पीक आहे. नोकरीतली बरीचशी वर्षे कांद्याच्याच तालुक्यांत गेली. आणि या देशात कांद्याने जेवढ्या खुर्च्या हलवल्या तेवढ्या दुसऱ्या कुठल्या पिकाने हलवल्या असतील असे मला वाटत नाही. तेव्हा पत्राचे उत्तर कांद्यावरूनच देतो.

माझी थोरली बहीण निफाड तालुक्यात दिलेली आहे. २०२४ च्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेलो होतो. त्या भागाचे लोकसभेचे मतदान २० मेला होते. उन्हाळ कांदा काढून पात कापून झाली होती, चाळ निम्मी भरली होती. भाचा पुण्याच्या कारखान्यात आहे, तोही सुट्टी काढून आला होता. संध्याकाळी ओट्यावर बसलो, तेव्हा भाचा सहज बोलून गेला, "मामा, यंदा पुण्यात कांदा काही महाग नाही, बरं चाललंय."

दाजींनी पान लावता लावता मान वर केली. "बरं चाललंय? अरे, तू कुणाचा मुलगा? कांदा पिकवणाऱ्याचा की खाणाऱ्याचा?"

भाचा काय बोलणार! तो दोघांचाही होता. बहीण आतून म्हणाली, "त्याला कशाला बोलता? महिन्याचा किराणा त्यालाच भरावा लागतो." दाजी उठले आणि आतून पट्ट्यांची वही घेऊन आले. डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात त्यांचा लाल कांद्याचा पहिला ट्रॅक्टर चौतीसशे रुपये क्विंटलने गेला होता. ८ डिसेंबरला निर्यातबंदी झाली, लिलाव बंद पडले. पुन्हा सुरू झाल्यावर दुसरा ट्रॅक्टर गेला तो अठराशेने. तेच वावर, तेच बियाणे, तीच मजुरी. "पाव्हणं," दाजी म्हणाले, "मधल्या दिवसांत कांद्याला काय रोग पडला तेवढं तुमच्या पुस्तकात बघून सांगा."

माझ्या पुस्तकात त्याचे उत्तर नव्हते. पण आपल्या वाचकाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या ओट्यावर होते. भाव म्हणजे एकच आकडा. बाप त्याच्याकडे एका अंगाने बघतो आणि मुलगा दुसऱ्या अंगाने. पुढाऱ्याला दोघांचेही मत हवे असते. भाव वर गेला तर शहर रागावते, खाली आला तर गाव रागावते. मग निवडणुकीच्या दिवशी नेमके कोण रागावलेले आहे यावर पुष्कळ काही ठरते.

आणि हे कोण ठरवतो? पुष्कळ वेळा पंचांग ठरवते. हसू नका, सांगतो.

आपला कांदा तीन हंगामांत येतो. खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून बाजारात दिसू लागतो. रांगडा जानेवारी ते मार्च. आणि उन्हाळ कांदा मार्चअखेरपासून मेपर्यंत. देशातल्या एकूण कांद्यात उन्हाळ कांद्याचा वाटा निम्म्याहून पुष्कळ जास्त, आणि साठवणीला टिकतो तोही हाच. तोच चाळीत ठेवून आपण दिवाळीपर्यंत पुरवतो. चार-सहा महिन्यांत त्यातला तीस-चाळीस टक्के माल सड, मोड आणि वजनातली घट यांत जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत जुना कांदा संपत आलेला आणि नवा पुरता आलेला नाही अशी एक फट पडते. त्या फटीत पाऊस लांबला आणि लाल कांदा पाण्याखाली गेला, की शहरात भाव भडकलाच म्हणून समजा.

आता निवडणुकांच्या तारखा आठवा. मध्य प्रदेश, राजस्थान आणि पूर्वी दिल्ली यांच्या विधानसभा नोव्हेंबर-डिसेंबरात, नेमक्या या फटीच्या तोंडाशी. आणि अलीकडच्या लोकसभा एप्रिल-मेमध्ये, म्हणजे उन्हाळ कांद्याचे ढीग बाजारात ओतले जात असताना. पहिल्या वेळी खाणारा तापलेला असतो, दुसऱ्या वेळी पिकवणारा.

याचा पहिला मोठा दाखला १९८० चा. मी त्या वेळी शाळकरी होतो. १९७९ च्या जुलैत मोरारजीभाईंचे सरकार कोसळले, चरणसिंग पंतप्रधान झाले आणि महिनाभरात काळजीवाहू झाले. त्याच वर्षी देशात मोठा दुष्काळ पडला. त्यातच जगात खनिज तेलाचे भाव भडकले. घाऊक भाव वर्षात सतरा टक्क्यांच्या घरात वाढले. आणि वर्षअखेरीस कांदा महागला. इंदिरा गांधींनी प्रचारात तो कांदा नेमका उचलला. घरधनिणीला टक्केवारी समजावून सांगावी लागते, कांदा सांगावा लागत नाही. १९८० च्या जानेवारीत मतदान झाले आणि काँग्रेसला ३५३ जागा मिळाल्या. आता हे सगळे कांद्याने केले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. जनता पक्षाची मंडळी आपसात इतकी भांडली होती की लोक विटले होते. पण त्या विटलेपणाला बाजारातल्या पिशवीने हातभार लावला हे खरे.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. तो 'महाग कांद्याचा' जानेवारी उलटतो न उलटतो तोच मार्च १९८० मध्ये चाकणला कांदा उत्पादकांना पुणे-नाशिक रस्ता अडवावा लागला, कारण कांद्याचा भाव मातीमोल झाला होता. शरद जोशींची शेतकरी संघटना राज्याला ठाऊक झाली ती या लढ्यातून. त्याच वर्षी नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्यासाठी मुंबई-आग्रा रस्ता अडवला गेला. महाग कांद्याचा राग मतपेटीत उतरला आणि स्वस्त कांद्याचा राग रस्त्यावर उतरला. रस्त्यावरच्या रागाला मतपेटीपर्यंत पोचायला पुढे चाळीसेक वर्षे लागली, असे मी म्हणेन.

दुसरा दाखला १९९८ चा. त्या वर्षी मी नोकरीत होतो. चाळीतला माल आधीच कमी होता आणि पुढे पावसाने लाल कांद्याची नासाडी केली. दिल्लीत किरकोळ भाव किलोला चाळीस रुपयांच्या वर, काही ठिकाणी साठापर्यंत गेला. त्या काळच्या पगाराच्या मानाने हा आकडा बघा. ऑक्टोबरात दिल्लीचे मुख्यमंत्री साहिबसिंग वर्मा पायउतार झाले आणि सुषमा स्वराज आल्या. नोव्हेंबरअखेर निवडणूक झाली. ७० पैकी काँग्रेसला ५२ आणि भारतीय जनता पक्षाला १५ जागा मिळाल्या. शीला दीक्षित मुख्यमंत्री झाल्या. राजस्थानातही भैरोसिंग शेखावतांचे सरकार गेले. आणि गंमत अशी, की पंधरा वर्षांनी, २०१३ च्या पावसाळ्यानंतर कांदा पुन्हा भडकला, डिसेंबरात दिल्लीची निवडणूक झाली आणि त्याच शीलाबाईंच्या पक्षाला अवघ्या ८ जागा मिळाल्या. ज्या दारातून आल्या त्याच दारातून गेल्या.

पण थांबा. १९९८ साली त्याच दिवसांत मध्य प्रदेशातही निवडणूक होती. कांदा तिथेही महागच होता. तरी दिग्विजयसिंगांचे सरकार टिकले. आणि दिल्लीत त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात पाणी आणि विजेचे हाल होते, भेसळीच्या मोहरीच्या तेलाने माणसे दगावली होती, हेही विसरता येत नाही. पिकावर पिवळेपणा दिसला की आपण लगेच नत्र कमी पडले म्हणतो. मुळाशी खणून बघितले तर कधी पाणी साचलेले असते, कधी हुमणी लागलेली असते. निवडणुकीचेही तसेच आहे.

उलटा दाखला हवा असेल तर १९७७ घ्या. १९७४ साली महागाई पंचवीस टक्क्यांच्या वर होती. लोक हैराण झाले होते, गुजरातेत नवनिर्माण आंदोलन पेटले आणि चिमणभाई पटेलांना जावे लागले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरत होत्या. पुढे आणीबाणी आली. १९७५-७६ मध्ये पाऊस चांगला झाला, पीक भरघोस आले आणि वर्षभरात घाऊक भाव चक्क थोडे उतरले. नुसत्या भावावर मत पडत असते तर १९७७ साली इंदिराबाई सहज निवडून यायला हव्या होत्या. त्या स्वतः रायबरेलीत पडल्या. सक्तीची नसबंदी आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार लोकांनी सहन केला नाही. पोट भरलेले असले तरी माणसाला मान लागतो, हे त्या वर्षी दिसले.

आणखी एक फसवा आकडा म्हणजे देशाची सरासरी. २००४ च्या उन्हाळ्यात दिल्लीत मोठे जाहिरातीचे वारे होते, देश चमकतो आहे म्हणून. आकडेही वाईट नव्हते, त्या वर्षी देशाचे उत्पन्न चांगले आठ टक्क्यांच्या जवळपास वाढले होते. पण २००२ साली मोसमी पाऊस एकोणीस टक्के कमी पडला होता, आणि कोरडवाहू शेतकऱ्याची घडी एका वर्षाच्या पावसाने बसत नाही. आंध्रात चंद्राबाबू नायडूंना २९४ पैकी ४७ जागा मिळाल्या. संगणकाच्या कामासाठी त्यांचे नाव जगभर झाले होते. राजशेखर रेड्डी शेतीपंपाला फुकट वीज देण्याचे वचन घेऊन आले आणि शपथविधीच्या दिवशीच त्यांनी त्या कागदावर सही केली. सरासरी ही विहिरीच्या खोलीसारखी असते. 'सरासरी चार फूट पाणी' म्हणून उडी मारणारा कुठे पडतो हे विहिरीलाच माहीत.

पावसाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. भारतातल्या राज्यांच्या निवडणुका आणि त्या त्या वर्षीचा पाऊस यांचा ताळा काही परदेशी अभ्यासकांनी घालून पाहिला. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांना असे दिसले की पाऊस बिघडला की सत्तेवरच्या पक्षाची मते घटतात. वास्तविक पाऊस काही मुख्यमंत्र्याच्या हातात नाही! मात्र सरकारने मदतीला जोमाने हात घातला तर हा तोटा थोडा भरून निघतो, पुरता नाही. मला यात मतदाराचा अडाणीपणा दिसत नाही. घरात आजारी माणूस असला तर आपण वैद्याला 'ताप का आला' असे विचारत नाही, 'बोलावल्यावर आलास का' असे विचारतो.

आता पुन्हा निफाडच्या ओट्यावर येऊ.

२०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कांदा किलोला दोन-चार रुपयांवर आला होता. भाडे आणि हमाली जाऊन शेतकऱ्याच्या हातात काहीच उरत नव्हते, उलट खिशातून भरावे लागे. राज्य सरकारने त्या वेळी क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले, दोनशे क्विंटलपर्यंत. ऑगस्टमध्ये भाव जरा वर येतो म्हणताच केंद्राने निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लावले. आणि डिसेंबरात बंदीच. बंदी मार्चअखेरपर्यंतची होती, ती पुढे वाढली. एप्रिलअखेर गुजरातेतला दोन हजार टन पांढरा कांदा बाहेर जायला परवानगी मिळाली, तेव्हा आपल्याकडे जो भडका उडाला तो मी डोळ्यांनी पाहिला. बंदी उठली ४ मे रोजी, तीही चाळीस टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान भावाची अट ठेवून. उन्हाळ कांदा निघून निम्मा विकून झाला होता.

निकाल लागला ४ जूनला. दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री भारती पवार पडल्या, भास्कर भगरे निवडून आले. नाशिक, शिर्डी, अहमदनगर, धुळे या जागाही सत्ताधारी आघाडीच्या हातून गेल्या आणि शिरूर त्यांना घेता आले नाही. राज्यात ४८ पैकी त्यांना १७ मिळाल्या. फुटलेले पक्ष, आरक्षण, संविधानाची चर्चा अशी कारणे पुष्कळ होती. पण कांद्याने फटका दिला हे खुद्द सत्तेतल्या मंडळींनीही कबूल केले. चाळीस वर्षांपूर्वी रस्त्यावर बसलेला राग या खेपेस यंत्राच्या बटणापर्यंत गेला.

एवढ्यावर थांबलो असतो तर गोष्ट सोपी होती. पण सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले आणि २८८ पैकी २३० जागा त्याच आघाडीने मिळवल्या. नाशिक जिल्ह्यात तर १५ पैकी १४. लोक इतक्या लवकर विसरले काय? पारावर पुष्कळांनी तसेच म्हटले. मी वही बघायला पुन्हा निफाडला गेलो.

तर वहीत असे होते. १३ सप्टेंबरला किमान भावाची अट गेली होती, शुल्क चाळीसवरून वीस टक्क्यांवर आले होते. आणि पंचांग फिरले होते, आपली ती फट आली होती. लासलगावला कांदा क्विंटलला चार हजारांच्या आसपास आणि त्याच्याही वर चालला होता. दाजींच्या चाळीतला एक तृतीयांश कांदा सडला, पण उरलेला बेचाळीसशेने गेला. ज्याने मेमध्येच विकून टाकला त्याच्या वाट्याला यातले काही आले नाही, हे त्यांनी मला मुद्दाम सांगितले. शेजारच्या वस्तीवर चाळ नाही, त्यांचा सगळा माल जूनच्या आत गेला होता. चाळ असणारा आणि नसणारा यांचा एकाच गावात, एकाच वर्षी वेगवेगळा हिशेब होता.

आणि बहिणीचा हिशेब तिसराच होता. जुलैपासून तिच्या खात्यात महिन्याला दीड हजार येत होते, निवडणुकीआधी पाच हप्ते जमले, साडेसात हजार. दाजी म्हणाले, "एका ट्रॅक्टरमागे जेवढं बुडालं त्याच्या निम्मंही नाही हे." खरे आहे, वीस क्विंटलमागे सोळाशेचा फरक म्हणजे बत्तीस हजार होतात. बहीण म्हणाली, "ते बत्तीस हजार तुमच्या वहीत होते. माझ्या हातात कधी आले?" दाजींनी यावर काही उत्तर दिले नाही. भगिनींनो, हे वाक्य मी मुद्दाम छापायला देतो आहे. घरात पैसा येतो तो कोणाच्या हातात येतो, यावरही मत फिरते, हे आम्हा पुरुषांच्या ध्यानात उशिरा आले.

त्याच नोव्हेंबरात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन हमीभावाच्या खाली विकले जात होते. हमीभाव ४,८९२ आणि बाजारात चार हजार-बेचाळीसशे. तिथेही सत्ताधारी आघाडीच जिंकली. म्हणजे पडत्या भावाने पुढारी पडतोच असे नाही. तेव्हा पत्र लिहिणाऱ्या बंधूंना माझे उत्तर असे, की भावाचे वजन असते, पण ते एकट्याचे नसते. शिवाय तो वर्षभराचा हिशेब क्वचितच असतो, बहुधा शेवटच्या चार-सहा महिन्यांचा असतो. पुढाऱ्यांना हे पक्के ठाऊक आहे. म्हणून तर बंदी कधी घालायची आणि कधी उठवायची, अनुदान कधी जाहीर करायचे, याच्या तारखा तशा पडतात. नंतर तो उरलेला वीस टक्के शुल्काचा भाग १ एप्रिल २०२५ पासून गेला, तेव्हा आसपास कुठली निवडणूक नव्हती आणि कोणाच्या फारसे लक्षातही आले नाही.

म्हणून दाजींची वही मला आवडते. तीत ते पट्टी चिकटवतात आणि समोर तारखेनिशी लिहितात: पाऊस किती, बंदी कधी, शुल्क किती, अनुदान जाहीर कधी झाले आणि खात्यात कधी पडले. शेवटच्या दोन तारखांमध्ये किती महिने गेले ते बघायचे असते, असे ते म्हणतात. पावसाने झालेले नुकसान ते निळ्या शाईने लिहितात आणि हुकमाने झालेले लाल शाईने. गेल्या दिवाळीपासून बहिणीने मागची पाने आपल्यासाठी मागून घेतली आहेत. त्यांत तिचे दीड हजार, गोडेतेल, गॅसचा सिलिंडर आणि नातवाची फी लिहिलेली असते. तिथे शाई एकच आहे, कारण लाल पेन दाजी देत नाहीत.

निघताना मी दोघांनाही विचारले, मत कोणाला दिले. दाजींनी लगेच सांगितले. बहिणीने चहाचे कप उचलले आणि म्हणाली, "भाऊ, तू सरकारी माणूस. तुला कशाला हवं?"

(पुढील अंकी: खरीप कांद्याच्या रोपवाटिकेतील मर आणि गादीवाफ्यांची तयारी.)